हंगाम बुडाला तर संध्याकाळचे काय?

वाचकाचे पत्र, थोडे संक्षिप्त करून:

"महोदय, मी अर्जुनी मोरगाव तालुक्यातील एका लहान गावात राहतो. वय चौतीस. चार एकर धानाची शेती आहे आणि चौकात किराणा दुकान आहे. गेली नऊ वर्षे आम्ही वीस-बावीस जण आयपीएलच्या दोन महिन्यांत दुकानासमोर पडदा लावून सामने पाहतो. प्रत्येकी दोनशे रुपये वर्गणी मी गोळा करतो. त्यातून प्रोजेक्टरचे भाडे, वीज आणि मोबाइलचे रिचार्ज भागते. 2025 च्या मे महिन्यात स्पर्धा आठवडाभर थांबली, तेव्हा आमचे सगळेच बिनसले. काही जण पत्ते कुटू लागले, दोघांनी मोबाइलवर पैसे लावले, आणि त्यातल्या एकाचे इतके गेले की तो पुढे चौकात यायचाच बंद झाला. माझेही कशात लक्ष लागेना. उद्या अख्खा हंगामच रद्द झाला तर आम्ही काय करावे? वर्गणी परत करावी का? पत्नी म्हणते, बरेच होईल, नवरा दोन महिने घरी सापडेल आणि छपरावरचे कवेलू फेरण्याचे काम तरी होईल. एवढ्याशा गोष्टीचे दुःख होणे हा पोरकटपणा आहे काय?"

प्रिय वाचक,

तुम्ही संकोचाने शेवटी लिहिलेल्या प्रश्नापासूनच सुरुवात करतो, कारण बाकीच्या प्रश्नांची उत्तरे त्याच्यावर अवलंबून आहेत. हा पोरकटपणा नाही. आपल्या भागात हंगाम बुडाला म्हटले की माणसाच्या डोळ्यांपुढे करपलेली बांधी उभी राहते, आणि तोच शब्द क्रिकेटसाठी वापरताना ओशाळल्यासारखे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु तुमचे पत्र मी दोनदा वाचले, आणि माझ्या लक्षात आले की त्यात एकाही फलंदाजाचे नाव नाही; तुमचा संघ कोणता, हेसुद्धा तुम्ही सांगितलेले नाही. त्यात दुकान आहे, पडदा आहे, वीस-बावीस माणसे आहेत आणि चौकात येईनासा झालेला एक जण आहे. सामने जाण्याच्या भीतीपेक्षा साडेसात वाजता चौकात जमण्याचे निमित्त जाण्याची भीती तुम्हाला अधिक आहे, असे मी समजतो, आणि ती भीती खरी आहे.

तरीही प्रथम थोडा धीर देतो. आयपीएल 2008 मध्ये सुरू झाली, आणि त्यानंतर कितीही संकटे आली तरी ती स्पर्धा पूर्णपणे रद्द करण्याऐवजी हलवण्याकडेच आयोजकांचा कल राहिला आहे. 2009 मध्ये लोकसभा निवडणुकीमुळे ती दक्षिण आफ्रिकेत नेण्यात आली; 2014 मध्ये त्याच कारणाने सुरुवातीचे सामने संयुक्त अरब अमिरातीत झाले; 2020 मध्ये मार्चअखेर सुरू व्हायची स्पर्धा करोनामुळे 19 सप्टेंबरला अमिरातीत सुरू झाली; आणि 2021 मध्ये 29 सामने झाल्यावर 4 मे रोजी थांबलेल्या स्पर्धेचे उरलेले 31 सामने सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पुन्हा तिकडेच खेळले गेले. 2025 ची हकीकत तुमच्या आठवणीत ताजी असणार: 8 मे रोजी धर्मशाळेतला सामना अर्ध्यावर थांबला, दुसऱ्या दिवशी स्थगिती जाहीर झाली, 17 मे रोजी स्पर्धा पुन्हा सुरू झाली आणि 3 जूनला संपली. (आठवडाभर वाट पाहून तुम्ही पडदा लावला असेल आणि पहिल्याच दिवशी त्यावर बंगळुरूचा पाऊस पाहिला असेल, तो सामना नाणेफेकीविनाच वाहून गेला.) ही सगळी धडपड प्रेक्षकांच्या मायेपोटी होते, अशा समजुतीत आपण राहू नये. 2023 ते 2027 या पाच वर्षांचे प्रक्षेपण हक्क 48,390 कोटी रुपयांना विकले गेले आहेत, आणि एवढा पैसा अडकलेला असला की स्पर्धा देश सोडते, ऋतू बदलते, रिकाम्या मैदानातही होते, परंतु सहजासहजी मरत नाही. म्हणून उद्या टीव्हीवर अशी बातमी दिसली, तर स्पर्धा रद्द झाली आहे, स्थगित झाली आहे की पुढे ढकलली आहे, हे आधी नीट पाहावे. तुमच्या वर्गणीचा निर्णयही याच फरकावर ठरणार आहे.

ज्यांच्यामागे एवढा पैसा नसतो, त्यांचे हंगाम मात्र खरोखर बुडतात. 1934-35 मध्ये सुरू झालेली आणि दुसऱ्या महायुद्धातही न थांबलेली रणजी स्पर्धा 2020-21 मध्ये प्रथमच झाली नाही. अवघ्या काही वर्षांपूर्वी, 2017-18 आणि 2018-19 मध्ये, आपल्या विदर्भाने ती लागोपाठ दोनदा जिंकलेली होती. ज्या खेळाडूंचे घर रणजीच्या मानधनावर चालते, त्यांच्यासाठी तो शब्दशः बुडालेला हंगाम होता, आणि पुढे क्रिकेट मंडळाला त्यांच्यासाठी भरपाई जाहीर करावी लागली. तुमच्या चौकात त्या वेळी कोणी हळहळले होते का, हे जरा आठवून पाहा. प्रो कबड्डीचाही 2020 मध्ये हंगाम झाला नाही. आठवा हंगाम थेट डिसेंबर 2021 मध्ये बंगळुरूला, प्रेक्षकांविना सुरू झाला.

परंतु याहून जवळचे उदाहरण आपल्या शंकरपटाचे आहे, आणि तुमचे वय पाहता तुम्ही ते स्वतः अनुभवलेले असणार. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बैलांच्या शर्यती बंद झाल्या आणि महाराष्ट्रात त्या पुन्हा सुरू होण्यास 16 डिसेंबर 2021 उजाडला. साडेसात वर्षे, म्हणजे एक-दोन नव्हे तर सात हिवाळे पटाविना गेले. बंदीमागचे कारण खोटे होते, असे मी म्हणणार नाही. तुतारी टोचून आणि शेपट्या पिरगाळून पळवलेले बैल मी लहानपणी जवळून पाहिले आहेत, आणि आज घातलेल्या अटी त्या वेळी असत्या तर बरे झाले असते. मात्र पट म्हणजे निव्वळ दोन जोड्यांची धाव कधीच नव्हती, हे झाडीपट्टीत वाढलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. धानाचे चुरणे आटोपले की पटाच्या निमित्ताने लेकी माहेरी येत, ज्या सोयऱ्यांची वर्षभर भेट नसे ते बैलबंडीने आणि पुढे मोटारसायकलने येऊन धडकत, दिवसा जोडी हाकणाऱ्या धुरकऱ्यांच्या नावाने आरडाओरडा होई, आणि रात्री वडशाहून आलेल्या मंडळीचे नाटक पहाटेपर्यंत चाले. किती तरी सोयरिकी त्या दोन दिवसांत जुळत.

बंदीच्या काळात माझ्या जाण्या-येण्यातल्या दोन गावांनी दोन वेगळ्या वाटा धरल्या. एका गावाने पटच नाही तर पाहुण्यांना बोलवायचे कशाला, असा विचार करून समितीकडची शिल्लक वाटून घेतली आणि विषय संपवला. दुसऱ्या गावाने तारीख मोडली नाही. तीच तिथी, तेच पटांगण, दिवसा कबड्डी आणि रात्री नाटक, असे त्यांनी दरवर्षी चालू ठेवले. पहिल्या वर्षी लोकांनी नाके मुरडली आणि अर्ध्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या, परंतु तिसऱ्या वर्षापासून लेकी पुन्हा त्या तारखेला माहेरी येऊ लागल्या. न्यायालयाची परवानगी आली, तेव्हा दुसऱ्या गावाकडे समिती होती, जागा होती आणि पाहुण्यांना सवयही होती, म्हणून पट लवकर उभा राहिला. पहिल्या गावात पटाच्या जागेवर कोणी तरी शेत काढले होते, आणि जुन्या समितीतले दोघे तोपर्यंत एकमेकांशी बोलेनासे झाले होते.

माझा सल्ला त्या दुसऱ्या गावावरून घेतलेला आहे. हंगाम रद्द झाल्याचे कळेल, त्याच दिवशी संध्याकाळी साडेसात वाजता दुकानासमोरचा दिवा लावा, सतरंज्या टाका आणि बसा. पडद्यावर काहीही नसले तरी चालेल. 2025 च्या त्या आठवड्यात तुमचे जे बिनसले, ते पहिल्या दोन-तीन दिवसांतच बिनसले असणार, कारण त्या दिवसांत कुठे जायचे हे कोणालाच ठाऊक नव्हते, आणि रिकाम्या बसलेल्या माणसाला पत्ते आणि मोबाइल हे दोन्ही चटकन सापडतात. वेळ, जागा आणि माणसे ही तीन जर हलली नाहीत, तर मध्ये काय घालायचे हा प्रश्न पुष्कळ सोपा होतो.

जुने सामने पडद्यावर पुन्हा दाखवणे हा उपाय सर्वांना पहिल्यांदा सुचतो, आणि मला तो फारसा पसंत नाही. निकाल माहीत असलेला सामना माणूस फार तर तीन संध्याकाळी पाहतो; चौथ्या दिवशी मागच्या रांगेत मोबाइल निघतात. तुमच्यापैकी बहुतेकांनी मुळात न पाहिलेला खेळ मात्र अवश्य शोधावा. 2025 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये नागपूरजवळच्या जामठ्याला विदर्भाने केरळविरुद्ध पहिल्या डावाच्या आघाडीवर तिसऱ्यांदा रणजी करंडक जिंकला, दानिश मालेवारने 153 धावा काढल्या, आणि हर्ष दुबेने त्या हंगामात 69 बळी घेऊन एका रणजी हंगामातील सर्वाधिक बळींचा विक्रम केला. आपल्या चौकातल्या किती जणांना त्या दोघांची गोलंदाजी-फलंदाजी ओळखता येईल? खापरखेड्याजवळच्या कोळसा खाणीच्या वसाहतीत वाढलेल्या उमेश यादवला कसोटी खेळताना आपण पाहिले, विदर्भातून कसोटी संघात जाणारा तो पहिलाच. परंतु त्याच्यामागून येणाऱ्या पोरांकडे आपण अजून शहराच्या नजरेनेच पाहतो. जून 2025 मध्ये विदर्भ क्रिकेट असोसिएशनने जामठ्यात स्वतःची प्रो टी-20 लीगही सुरू केली आहे. ती भरली, तर धानाचे पऱ्हे टाकण्याची धांदल सुरू होण्यापूर्वी एक गाडी ठरवून सर्वांनी मिळून तिकडे जाऊन यावे, असे मला वाटते.

त्यापेक्षाही मी खेळण्यावर भर देईन. तुमच्या पत्रात पाहणे आहे, खेळणे कुठेच नाही, आणि चौतीस हे काही निवृत्तीचे वय नव्हे. एप्रिल-मेच्या उन्हात दिवसा क्रिकेट खेळा, असा अघोरी सल्ला मी देत नाही. सूर्य बुडाल्यावर व्हॉलीबॉल मात्र उत्तम जमतो; त्याला जाळी, एक चेंडू, दोन बल्ल्या आणि दिव्यांची सोय एवढेच लागते, जागा थोडी पुरते, आणि पोट सुटलेल्या माणसालाही मागच्या ओळीत उभे राहता येते. कबड्डीसाठी शाळेच्या पटांगणाचा एक तुकडा उखरून, खडे वेचून, पाणी मारून घ्यावा लागेल; त्यासाठी मुख्याध्यापकांची आणि शाळा व्यवस्थापन समितीची परवानगी आधी लेखी घ्यावी, म्हणजे पुढे वाद होत नाही. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीचे प्रात्यक्षिक दाखवणारे पथक आपल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे होते, तेव्हा हा खेळ आपण टीव्हीवरून शिकलो असे कोणी समजू नये. पाच-पाच जणांचे चार संघ चिठ्ठ्या टाकून पाडा, दोन महिन्यांचे वेळापत्रक किराण्याच्या पुठ्ठ्यावर लिहून दुकानाच्या दाराला लावा, आणि तुमच्यातल्या सर्वांत बोलक्या माणसाच्या हाती गणेश मंडळाचा माइक द्या. सामना कितीही रटाळ असला, तरी समालोचन ऐकायला गाव येते.

आता पैशाचे. स्थगिती असेल, तर वर्गणी परत करण्याची घाई करू नये. एक मुदत ठरवून तोपर्यंत रक्कम तशीच ठेवावी. हंगाम रद्दच झाला, तर सर्वांना एकत्र बसवून जमा किती, प्रोजेक्टरवाल्याला आगाऊ दिले किती, हा हिशेब मोठ्याने वाचून दाखवावा आणि शिल्लक समान वाटून द्यावी. ज्यांना ती जाळी-चेंडूसाठी ठेवायची आहे, त्यांनी तसे स्वतः सांगावे. प्रोजेक्टरवाल्याशी भांडू नका, त्याचाही हंगाम बुडालेला असतो. आगाऊ रकमेच्या बदल्यात दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या, दिवसांत दोन रात्री द्यायला तो बहुधा तयार होईल. वर्षभराचे रिचार्ज वेळापत्रक पक्के होईपर्यंत मारू नये. आणि एक गोष्ट मी आवर्जून सांगतो, कारण तुम्ही दुकानदार आहात: वर्गणीचे पैसे गल्ल्यात मिसळू नका, आणि परत करताना कोणाच्या उधारीत ते परस्पर वळते करून घेऊ नका. हिशेबाने ते बरोबर असेल, परंतु बावीस जणांत ज्याची उधारी थकलेली आहे, त्याची चारचौघांत मान खाली जाईल, आणि तो पुन्हा चौकात बसणार नाही.

यावरून त्या न येणाऱ्या माणसाकडे वळतो. मोबाइलवर पैसे लावण्याबाबत संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये कायदा करून पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आहे. गावोगावची सट्ट्याची लगवाडी-खायवाडी तर आधीपासूनच बेकायदेशीर आहे. परंतु सामने थांबले की सट्टा थांबतो, असे होत नाही. आपला सामना नसला तर परदेशातला सापडतो, तोही नसला तर पत्त्यांचा डाव सापडतो, आणि गेलेले पैसे परत काढण्याच्या नादात माणूस आणखी खोल जातो. त्याच्या घरी तुम्ही एकटेच जा, दिवसा जा, मंडळी घेऊन जाऊ नका. किती गेले, हे विचारू नका. ते त्याने सांगितले तर ऐकून घ्या. उपदेश करण्यापेक्षा काम द्या: गुणफलक लिहायला माणूस हवा आहे, अक्षर तुझे चांगले आहे, साडेसातला ये, एवढे पुरेसे आहे. कर्ज सावकाराचे असेल, तर घरातल्या एका तरी मोठ्या माणसाला ते कळले पाहिजे, आणि ते त्याने स्वतः सांगावे यासाठी तुम्ही सोबत बसू शकता. त्याला झोप लागत नसेल, जगण्यात अर्थ नाही असे बोलणे त्याच्या तोंडी येत असेल, तर मात्र वाट न पाहता 14416 या टेली-मानसच्या क्रमांकावर त्याला फोन लावून द्या. ती शासनाची विनामूल्य सेवा आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. हे काम हंगाम रद्द होण्याची वाट पाहून करायचे नाही. पत्र हाती पडेल त्याच आठवड्यात करा.

तुम्ही न विचारलेला एक मुद्दा राहतो. तुमच्या बावीस जणांत एकही बाई नाही, असे मी गृहीत धरतो; चूक असेल तर माफी मागतो. एप्रिलमध्ये मोहफूल वेचायला आणि मेमध्ये तेंदूपाने तोडायला तुमच्याकडच्या बाया उजाडण्यापूर्वी जंगलात जातात, दुपारी पुडके बांधतात, आणि साडेसातला तुम्ही पडद्यासमोर बसता तेव्हा त्या चुलीसमोर असतात. बावीस पुरुषांची संध्याकाळ बावीस घरांतल्या बायांच्या श्रमावर उभी असते, आणि हंगाम रद्द झाल्याचे दुःख त्यांना तुमच्याइतके का होत नाही, याचे उत्तर त्यात आहे. तुमच्या पत्नीने जे म्हटले, ते मला थट्टेपेक्षा तक्रारीसारखे अधिक वाटले. आठवड्यातून दोन संध्याकाळी पडदा त्यांच्या हाती द्यावा, काय लावायचे ते त्यांनी ठरवावे, आणि त्या दोन दिवशी भाकरी पुरुषांनी थापाव्यात. गावातल्या मुली शाळेत कबड्डी खेळतातच. त्यांचा एक संघ तुमच्या वेळापत्रकात घेतला, तर प्रेक्षक आपोआप दुप्पट होतील, आणि तुमचे काही संघ हरतीलही.

नऊ वर्षांच्या सामन्यांचे निकाल तुम्ही कुठे लिहून ठेवले आहेत की नाही, हे तुम्ही सांगितलेले नाही. नसेल तर एक वही घाला. अमेरिका आणि कॅनडात बर्फावरच्या हॉकीची एक मोठी लीग आहे. तिचा 2004-05 चा संपूर्ण हंगाम मालक आणि खेळाडू यांच्यातील मानधनाच्या वादात रद्द झाला. विजेत्यांची नावे ज्या करंडकावर कोरली जातात, त्या करंडकावर त्या वर्षापुढे हंगाम खेळला गेला नाही, असे कोरलेले आहे. तुमच्या वहीत तशी वेळ आलीच, तर तेवढे एक वाक्य लिहून त्याखाली चार संघांचे गुण लिहा.

राहता राहिले कवेलू. रोहिणी नक्षत्र 25 मे रोजी लागते, आणि आयपीएलचा हंगामही साधारण त्याच सुमारास संपतो, त्यामुळे स्पर्धा झाली तर तुमच्या हाती नेमके छप्पर उघडण्याच्या दिवसांत पाऊस आणि अंतिम सामना हे दोन्ही येणार. हे काम एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात, सकाळी दहाच्या आत उरकून घ्यावे. त्यासाठी कोणतीही लीग रद्द होण्याची गरज नाही.